चित्रकार म्हणून चाळीस वर्षं टिकायचं असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत राहतो, रंगवतो आणि एका कला महाविद्यालयात शिकवतो. दर वर्षी निकाल लागले की आजी-माजी विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. एकेकाशी तासभर बोलण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं. चित्र, शिल्प, प्रिंट, इन्स्टॉलेशन असं काहीही करणाऱ्या आणि महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहून काम करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. माझा एक आग्रह आधीच सांगतो. कुठलाही निर्णय घेताना ‘याने नाव होईल का’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘याने मला पुढची पाच वर्षं काम करायला मिळेल का?’ खालची उत्तरं या एका प्रश्नातूनच आली आहेत.

चित्रकाराचं करिअर खरंच आखता येतं का?

यश आखता येत नाही. कोण कधी तुमचं काम बघेल, बाजार कधी वर जाईल, कधी झोपेल, यातलं काही आपल्या हातात नसतं. कामाचे तास, कामाची जागा, दरमहाचा खर्च आणि केलेल्या कामाच्या नोंदी मात्र बऱ्यापैकी हातात असतात.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८ मध्ये जेजेतून, म्हणजे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून, बाहेर पडले. ते वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करत. २००१ मध्ये ते गेले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं ते २०१४ मध्ये, आणि २०२१ मध्ये त्यांचं एक चित्र लिलावात ३९.९८ कोटी रुपयांना गेलं. यातलं काहीही कुणाला आखता आलं नसतं. वर्षाला पाच चित्रं करत राहता येईल एवढ्याच गरजा ठेवणं मात्र त्यांना जमलं.

मी विद्यार्थ्यांना पाच-पाच वर्षांचे टप्पे करायला सांगतो. पहिल्या पाचात आपण नक्की कशावर काम करतो हे सापडलं आणि रोज बसायची सवय लागली, तर पुष्कळ झालं. या काळात एकही चित्र विकलं गेलं नाही म्हणून कुणी हात आखडू नये.

नोकरी करावी की पूर्णवेळ चित्रच काढावं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि यातच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. नोकरी करणारा म्हणजे अर्धा चित्रकार, असं कॉलेजच्या कट्ट्यावर कुणीतरी पहिल्याच वर्षी कानात भरवतं आणि ते पुढची वीस वर्षं टोचत राहतं.

चित्रकार सुधीर पटवर्धनांकडे बघा. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, शिक्षण, मग १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस. तीस वर्षं! रेल्वे, उपनगरं, गिरण्यांचा भाग, तिथे राबणारी माणसं ही त्यांची चित्रं याच वर्षांत झाली. प्रभाकर बरवे केंद्र सरकारच्या विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे हातमागांसाठी डिझाइन करणाऱ्या संस्थेत, नोकरी करत होते. प्रभाकर कोलते जेजेत वीस वर्षांहून जास्त शिकवत होते. यांपैकी कुणालाही आपण अर्धा चित्रकार म्हणत नाही.

नोकरी निवडताना मात्र पगाराच्या बरोबरीने एक गोष्ट बघा: संध्याकाळी घरी आल्यावर डोळे आणि हात शिल्लक राहतात का? माझ्या वर्गातला एक जण जाहिरात एजन्सीत लागला. पैसे चांगले होते, पण दिवसभर स्क्रीनवर रंगच बघायचे. रात्री कॅनव्हाससमोर उभा राहिला की त्याला मळमळायचं. तीन वर्षांनी त्याने ती नोकरी सोडली, एटीडी या कलाशिक्षकाच्या पदविकेच्या जोरावर शाळेत शिकवू लागला, पगार निम्म्यावर आला आणि दुसऱ्या महिन्यापासून तो रंगवू लागला. सगळ्यांचं असंच होईल असं नाही. एखाद्याला शाळेतला गोंगाट सोसत नाही आणि एजन्सीतला एसी मानवतो. सहा महिने करून बघा आणि वहीत लिहा: या महिन्यात किती दिवस काम केलं? आकडा चारच्या खाली जात असेल तर नोकरी बदलायची वेळ झाली.

पूर्णवेळ व्हायचंच असेल तर आधी दीड वर्षाचा घरखर्च बँकेत बाजूला ठेवा. मी सहा महिन्यांच्या शिलकीवर नोकरी सोडली होती. पाचव्या महिन्यात मी काय रंगवत होतो, तर लवकर विकलं जाईल असं काहीतरी. ती गणपतीची नऊ चित्रं विकली गेली, पण त्या काळातलं माझं म्हणावं असं एकही चित्र नाही.

मी जेजेचा नाही, मुंबईत राहतही नाही. माझं काही होईल का?

जेजे १८५७ पासूनची संस्था आहे. तिथले मित्र, शिक्षक आणि चर्चगेटपासून चालत जाता येणाऱ्या गॅलऱ्या यांचा फायदा होतोच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण दार तेवढं एकच नाही. मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधले के. एच. आरा घरगडी म्हणून राबलेले, गाड्या धुतलेले गृहस्थ होते आणि चित्रकला ते स्वतःच शिकले.

आत्ताचं उदाहरण हवं असेल तर प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती हे खाणीच्या पट्ट्यातलं गाव. शिक्षण खैरागड आणि मग बडोद्याला. कोळशाने भिंतीच्या भिंती रेखाटणाऱ्या या माणसाने गावाकडचा विषय कधी मागे टाकला नाही. खाण, खाणकामगार आणि खणून टाकलेली जमीन हाच त्याच्या कामाचा गाभा राहिला. वेल्समधला आर्टेस मुंडी हा पुरस्कार २०२१ मध्ये सहाही कलाकारांना विभागून दिला गेला, त्यांतले एक पाचपुते.

तेव्हा सांगली, लातूर, अकोला इथे राहणाऱ्यांना माझं सांगणं असं की भाडं कमी आहे आणि जागा मोठी आहे, ही तुमची मोठी शिल्लक आहे. ती घालवून नालासोपाऱ्यात दहा बाय दहाच्या खोलीत येण्याआधी दहादा विचार करा. वर्षातून तीन-चार वेळा मुंबईला या. चार दिवस राहा, काळा घोडा ते कुलाबा पायी फिरा, एनजीएमए हे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बघा, डिसेंबरात जमलं तर पणजीला सेरेंडिपिटी हा कला महोत्सव आणि बिएनालेच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनाच्या, वर्षी कोची. बघणं कमी पडू देऊ नका. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी समकालीन मूळ काम बघायलाच मिळत नाही, ही खरी अडचण आहे. ती ओळखूनच पटवर्धनांनी २००८ च्या सुमारास समकालीन भारतीय कलेचं एक फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांतून नेलं होतं. तसं पुन्हा व्हायला हवं, असं मला फार वाटतं.

जहांगीरला सोलो शो कधी करावा?

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे आणि मराठी चित्रकाराच्या मनात तिची जागा पंढरपुरासारखी आहे. मीही तिच्या पायऱ्यांवर बसून मोठा झालो. तरीही सांगतो, घाई करू नका.

तारीख मिळायला काही वर्षं लागतात, म्हणून अर्ज लवकर टाकावा हे बरोबर. पण तारीख मिळाली म्हणून चित्रं तयार करायची, हे उलटं झालं. शो आठवड्याचा असतो. त्या सात दिवसांसाठी भाडं, फ्रेमिंग, कॅटलॉग, टेम्पो, हॉटेल किंवा रोजचा लोकलचा प्रवास, उद्घाटनाचा चहा-समोसा असा खर्च होतो. अनेक जण त्यासाठी कर्ज काढतात, बायकोचे दागिने ठेवतात. मग विक्री झाली नाही की पुढची दोन वर्षं कर्ज फेडण्यात जातात आणि ब्रश सुटतो. असे तीन जण मी जवळून पाहिले आहेत आणि तिघेही माझ्याहून चांगलं रंगवत होते.

खर्चाचे पैसे परत आले नाहीत तरी घर चालेल, अशी स्थिती असेल तेव्हाच शो करा. त्याआधी ग्रुप शो, राज्य कला प्रदर्शन, बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, आपल्याच गावचं कलादालन. पुण्यात बालगंधर्व, कोल्हापुरात शाहू स्मारक. तिथे लोक चित्रासमोर जास्त वेळ उभे राहतात, असा माझा अनुभव आहे.

चित्राची किंमत कशी ठरवावी?

चौरस इंचाला दर, हा सुरुवातीला सोपा आणि प्रामाणिक मार्ग. हिशोब करून दाखवतो. समजा ३६ बाय ४८ इंचाचं चित्र आहे. म्हणजे १,७२८ चौरस इंच. दर वीस रुपये धरला तर किंमत ३४,५६० रुपये. गॅलरीने निम्मे घेतले तर हातात १७,२८०. कॅनव्हास, स्ट्रेचर (कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट), रंग, वाहतूक मिळून सहा हजार गेले असं धरू. उरले ११,२८०. चित्राला पंचवीस दिवस लागले असतील तर रोजचे साडेचारशे. आता हा आकडा बघून निराश होऊ नका. पण तो माहीत असू द्या, म्हणजे कुणी ‘अर्ध्यात द्या’ म्हटलं की उत्तर काय द्यायचं हे कळतं.

दर दोन वर्षांनी थोडा वाढवा. एकदा वाढवलेला दर खाली आणता येत नाही, कारण आधी घेणाऱ्याचा तो विश्वासघात ठरतो. स्टुडिओत आणि गॅलरीत किंमत एकच ठेवा. कलेक्टर मंडळी आपसांत बोलतात, हे नव्या मुलांना माहीत नसतं. मित्रांना, नातेवाइकांना द्यायचं असेल तर छोटं रेखाटन भेट द्या. मोठं चित्र स्वस्तात विकू नका.

गॅलरीने विचारलं तर काय बघावं?

टक्केवारी साधारण तीस ते पन्नास असते. पन्नास ऐकून दचकू नका, पण त्या पन्नासात गॅलरी काय करणार आहे हे विचारा. फ्रेमिंग कुणाचं? वाहतूक कुणाची? विमा कुणाचा? फोटोग्राफी, छापील साहित्य, आर्ट फेअरला नेणं? सूट दिली तर ती कुणाच्या हिश्श्यातून? विक्रीनंतर किती दिवसांत पैसे? हे सगळं कागदावर हवं. ‘आपलं घरचंच आहे’ असं म्हणणाऱ्याकडून तर आधी घ्या.

माझी चूक सांगतो. साधारण वीस वर्षांपूर्वी एका गॅलरीला मी अकरा चित्रं तोंडी बोलीवर दिली. पावती मागायला संकोच वाटला, समोरचा माणूस वयाने मोठा होता आणि फार प्रेमाने बोलला होता. दोन वर्षांनी परत मागायला गेलो तेव्हा सात मिळाली. उरलेली चार विकली गेली, हरवली की कुठे पडून आहेत, हे मला आजही माहीत नाही. त्यांचे नीट फोटोही नव्हते, त्यामुळे भांडणार तरी कशाच्या जोरावर? तेव्हापासून एक साधी यादी करतो: चित्राचा नंबर, नाव, माध्यम, आकार, किंमत, दिल्याची तारीख, परतीची तारीख, खाली दोघांच्या सह्या. पाच मिनिटांचं काम आहे.

‘फक्त आमच्याकडेच विका’ अशी अट असेल तर मुदत विचारा, आणि वर्षाला किती विक्रीची किंवा किती शोंची हमी आहे तेही विचारा. हमी नसेल तर अट कशाला?

परदेशातल्या गॅलरीचा मेल आला आहे, भाग घ्यायला पैसे मागतात. जावं का?

नाही. चांगली गॅलरी तुमचं काम विकून कमावते, तुमच्याकडून कमावत नाही. असल्या शोची ओळ सीव्हीवर दिसली की जाणकार क्युरेटरला, म्हणजे प्रदर्शनासाठी काम निवडणाऱ्याला, लगेच कळतं. तेवढ्या पैशांत वर्षभराचे रंग येतील.

शिष्यवृत्त्या आणि रेसिडेन्सी (दुसऱ्या ठिकाणी काही काळ राहून काम करायची सोय) कुठे शोधाव्यात?

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजना बऱ्याच जणांना ठाऊकच नसतात. १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांना दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. २५ ते ४० वयासाठी ज्युनिअर फेलोशिप दरमहा १०,००० आणि चाळिशीनंतर सीनिअर फेलोशिप दरमहा २०,०००. तिन्ही दोन वर्षांच्या. चाळिशीनंतर काही मिळत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिलं.

दिल्लीचं खोज, इनलॅक्स फाउंडेशन, फिका या कलाकारांना मदत करणाऱ्या संस्थांच्या घोषणांवर लक्ष ठेवा. कॉलेजात असाल तर कोचीच्या स्टुडंट्स बिएनालेवरही. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कुठल्याही भारतीय भाषेत प्रस्ताव स्वीकारते, म्हणजे मराठीतही. इंग्रजी कच्चं म्हणून अर्जच न करणारी किती तरी गुणी मुलं मी पाहतो, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

रेसिडेन्सीला जाताना जुनं काम पूर्ण करायला जाऊ नका. महिनाभर वेगळी जागा, वेगळी माणसं मिळतात. तिथून हात रिकामे आले तरी चालतील. अर्ज वर्षाला चारच करा, पण मनापासून. चाळीस ठिकाणी तोच मजकूर चिकटवला की वाचणाऱ्याला तो शिळा लागतो.

आर्टिस्ट स्टेटमेंट, म्हणजे आपल्या कामाविषयीचं छोटं टिपण, इंग्रजीतच हवं का?

आधी मराठीत लिहा, आईला किंवा धाकट्या भावाला वाचून दाखवा. त्यांना कळलं तर मग इंग्रजी करून घ्या. बरव्यांनी चित्राविषयीचं आपलं सूक्ष्म चिंतन मराठीत लिहिलं, आणि ते आजही आपल्याला पुरतं.

कामाच्या नोंदी कशा ठेवाव्यात?

हे कंटाळवाणं वाटतं आणि म्हणून कुणी करत नाही. माझ्या मते चित्र काढण्याच्या खालोखाल महत्त्वाचं काम हेच.

एक जाड रजिस्टर घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते लांबट, लाल पुठ्ठ्याचं. प्रत्येक चित्राला नंबर: वर्ष आणि त्या वर्षातला क्रम, जसं २०१९/०७. मग नाव, माध्यम, आकार (आधी उंची, मग रुंदी, नेहमी याच क्रमाने), कधी पूर्ण झालं, सध्या कुठे आहे, कुणी घेतलं, कितीला. तोच नंबर चित्राच्या मागे. कॅनव्हास असेल तर स्ट्रेचरच्या लाकडावर, कागद असेल तर मागच्या कोपऱ्यात पेन्सिलने. पेनाची शाई वर्षांनी पुढे उमटते. चित्र घराबाहेर जाण्याआधी दिवसाच्या सावलीत, फ्लॅश न मारता फोटो काढा. फोटो दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक घराबाहेरचं असू द्या.

आता पावसाळा. कोकणपट्टीत आणि मुंबईत राहणाऱ्याने हे शिकायलाच हवं. २००५ च्या पावसात माझं घर बुडलं नाही, पण पलंगाखाली साठ-सत्तर जलरंग मी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवले होते. म्हटलं, सुरक्षित आहेत. गणपतीत पिशवी सोडली तेव्हा आधी कुबट वास आला. वरच्या कागदाच्या कडेला राखाडी-हिरवे ठिपके होते, मोहरीएवढे. तो उचलला तर खालच्यावर तेच ठिपके मोठे, मधोमध, आकाशाच्या फिकट निळ्या वॉशमध्ये. ब्रशने हलके झटकले तर बुरशीबरोबर रंगही निघाला. दमट हवा मी स्वतःच आत कोंडली होती. एकोणीस कागद गेले. तेव्हापासून कागदांमध्ये बटर पेपर, वर सुती कापड, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब, जमिनीपासून वर फळीवर, आणि पावसाळ्यात ऊन पडलं की त्या खोलीची खिडकी उघडून पंखा लावायचा. प्लास्टिक फक्त प्रवासापुरतं.

कॉपीराइटचं काय?

चित्र विकलं म्हणून कॉपीराइट विकला जात नाही. तो लेखी करार करून दिला तरच जातो. कॉपीराइट तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. अपवाद लक्षात ठेवा: नोकरीत असताना मालकासाठी केलेलं काम, आणि पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून केलेलं चित्र किंवा व्यक्तिचित्र. वेगळं ठरलं नसेल तर यांचा हक्क समोरच्याकडे जातो. पोर्ट्रेटची ऑर्डर घेणाऱ्यांनी म्हणूनच आधी दोन ओळींचा करार करावा.

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कामाची मोडतोड झाली तर कलाकार दाद मागू शकतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते त्यांना परत द्यायला सांगितलं आणि पाच लाखांची भरपाईही. लढायला किती वर्षं लागली ते बघा, पण लढता येतं.

आणखी एक कलम आहे, ५३ अ. मूळ चित्र पुन्हा दहा हजारांवर विकलं गेलं तर कलाकाराला किंवा वारसाला त्यात दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपासून हे आहे, पण प्रत्यक्षात चित्रकारांच्या हाती त्यातून काही येताना मी पाहिलं नाही. लिलावाचे कोटींचे आकडे वाचताना मला दर वेळी हे कलम आठवतं. आपल्या कला संस्थांनी हा विषय धसास लावायला हवा.

जीएसटी आणि इन्कम टॅक्स?

थोडक्यात: चित्रांसाठी वेगळं बँक खातं ठेवा, रंगाच्या दुकानाची बिलं जपा, रिटर्न भरा. उत्पन्न कमी असलं तरी भरा, पुढे कर्जाला आणि व्हिसाला लागतं. चित्र-शिल्पांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. नोंदणी कधी लागते हे उलाढालीवर आणि राज्याबाहेर विक्री करता का यावर ठरतं. तेवढ्यासाठी सीएची एक भेट घ्या.

लोकांना माझी जुनी शैली आवडते. बदलू का?

बदलायची हाक आतून येत असेल तर बदला. गॅलरी कुरकुरेल, दोन-तीन वर्षं विक्री मंदावेल. म्हणूनच वर नोकरीचं आणि शिलकीचं एवढं लिहिलं. ज्याचं घर फक्त विक्रीवर चालतं त्याला बदलणं परवडत नाही, आणि मग पन्नाशीत तो स्वतःच्याच चित्रांच्या प्रती काढत बसतो. हे बघवत नाही. पैशाचं नियोजन मी सांगतो ते मुळात यासाठी.

लग्न, मूल, घर यांत पाच-सात वर्षं गेली. आता परत सुरू करता येईल का?

हा प्रश्न मला फक्त मुलीच विचारतात, याचं वाईट वाटतं. वर्गात पहिली येणारी मुलगी पाच वर्षांनी भेटते आणि हात मागे घेत म्हणते, ‘सर, सुटलंच सगळं.’

सुटत नाही. एका विद्यार्थिनीने स्वयंपाकघराच्या ओट्यावर, सगळी झोपल्यावर, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काम सुरू केलं. वर्षात दोनशेच्या वर कागद झाले. ते सगळे एका भिंतीवर लावले तेव्हा ते एक मोठं कामच होतं, आणि ‘लहान आकार’ ही तडजोड होती हे बघणाऱ्याला कळलंही नाही. सीव्हीतली मधली वर्षं झाकू नका. रिकामी राहू द्या.

आणि एकटीने करू नका. नलिनी मलानी, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि अर्पिता सिंग या चौघींनी १९८७ ते १९८९ मध्ये आपल्या चित्रांचं प्रदर्शन मिळून वेगवेगळ्या शहरांत नेलं. जेजेत शिकलेल्या मलानींना २०२३ मध्ये क्योतो पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. चार जणींनी महिन्यातून एकदा एकमेकींचं काम बघायचं, एवढं ठरवलं तरी पुष्कळ फरक पडतो. घरच्यांना मात्र स्पष्ट सांगा की या दोन तासांत दार वाजवायचं नाही. आणि हे वाचणाऱ्या नवऱ्यांनी ते दोन तास खरंच सांभाळावेत.

इन्स्टाग्रामवर किती वेळ द्यावा?

आठवड्याला तासभर. पूर्ण झालेलं काम टाका, प्रक्रिया जपून टाका. लाइक बघून रंग बदलायला लागलात तर महिनाभर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

पन्नाशी आली, शो झाले, पण नाव झालं नाही. चालू ठेवावं का?

मी स्वतः याच जागी उभा आहे, त्यामुळे उत्तर मनापासून देतो. सकाळी कॅनव्हाससमोर बसताना पुढच्या डागाची उत्सुकता वाटते का? वाटत असेल तर थांबायचं कारण नाही. पन्नाशीनंतर हाताला जे कळतं ते तिशीत कळत नाही. पटवर्धन पूर्णवेळ चित्रकार झाले तेव्हा त्यांचं वय साधारण छपन्न होतं, आणि एनजीएमएत त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं ते सत्तरीच्या उंबरठ्यावर.

या वयात शरीराकडे मात्र बघा. वर्षातून एकदा डोळे तपासा. टर्पेंटाइन वापरत असाल तर खिडकी उघडी हवी. उभं राहून काम करणाऱ्यांनी पायाखाली जाड सतरंजी घ्या, कमरेला बरं पडतं. आरोग्य विमा नसेल तर हा महिना संपायच्या आत काढा.

माझ्यामागे चित्रांचं काय होईल?

बरवे १९९५ मध्ये गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या एनजीएमएत त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा चित्रांसोबत त्यांच्या डायऱ्याही मांडल्या होत्या. त्या वाचताना माणूस कसा विचार करत होता हे डोळ्यांसमोर येत होतं. कुणीतरी त्या जपल्या म्हणून ते शक्य झालं.

सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. माझे एक शिक्षक गेले तेव्हा त्यांच्या मुलाने मला बोलावलं. फ्लॅट रिकामा करायचा होता. बाल्कनीत ऐंशीएक कॅनव्हास उभे, कुठल्यावर वर्ष नाही, कुठल्यावर सही नाही. तो मुलगा वाईट नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं की यातलं काय ठेवायचं, कुणाला विचारायचं. आम्ही चार विद्यार्थ्यांनी दोन रविवार बसून आठवणीने वर्षं लिहिली. बारा चित्रांबद्दल आम्हा चौघांचंही एकमत झालं नाही.

म्हणून साठीच्या आत मृत्युपत्र करा आणि त्यात चित्रांचा वेगळा परिच्छेद घाला: रजिस्टर कुठे आहे, कुठली वीस चित्रं एकत्र राहावीत, कुठली विकली तरी चालतील, कॉपीराइट कुणाकडे, आणि निर्णय घेताना घरच्यांनी कुणाला विचारावं, अशा दोन माणसांची नावं. त्या दोघांना आधी विचारून घ्या. मी माझ्या मुलीला दर दिवाळीत रजिस्टर उघडून दाखवतो. गेल्या वर्षीच्या पानांवर तिने तिच्या अक्षरात तीन नोंदी केल्या आहेत.